आई बिशानला असते

माझी आई आमच्याकडे चार दिवसांसाठी आली होती. ते चार दिवस किती लांबले हे मोजायची सोय आमच्या घरात नव्हती, कारण कोणी मोजायला लागलं की आई बॅगेकडे बघायची.

बॅग निळी, कडक पाठीची, चाकांची. सिंगापुरातल्या आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्या मुलीच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी ती उभी असे. आईच्या साड्या, गाऊन, गोळ्यांचा डबा, शेकायची रबरी पिशवी, सगळं तिच्यात. मी अर्धं कपाट रिकामं करून दिलं होतं, आत नवा कागद घातला होता, डांबरगोळ्या टाकल्या होत्या. त्या अर्ध्या कपाटात आईने कधी साधा रुमाल ठेवला नाही. सकाळी बॅग आडवी करायची, साडी काढायची, बॅग बंद करायची, पुन्हा उभी करायची. देवांचंही तेच. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा स्टीलच्या डब्यात असत. सकाळी बाहेर काढून त्यांना अंघोळ, गंध, फूल, दूधसाखर, आणि मग पुन्हा डब्यात घालून झाकण घट्ट.

“देव्हारा बिशानला आहे,” ती म्हणायची. “इथे कशाला पसारा.”

बिशानला माझा धाकटा भाऊ राहतो. आमच्याकडून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एक स्टेशन. गाडीत बसायला जागा शोधेपर्यंत उतरायची वेळ होते. वडील गेल्यावर आई नाशिकहून सिंगापूरला आली ती त्याच्याकडे. मुलगा आहे म्हटल्यावर मुलीकडे राहण्याचा विचारसुद्धा तिच्या मनाला शिवला नसता. तिच्या आईने तर लेकीच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. माझी आई सुधारलेली, ती पाणी घ्यायची, जेवायचीही. पण दर सणाला नातीच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय तिला आमच्या घरचा घास गोड लागत नसे.

मग भाच्याचं पीएसएलईचं वर्ष आलं. ही इथली सहावीची परीक्षा. तिच्यावर पुढची शाळा ठरते, म्हणजे आईबापांच्या मते पुढचं सगळंच ठरतं. त्या वर्षी घराघरांत टीव्हीवर कापड पडतं, पाहुणे बंद होतात, आणि मुलाला स्वतःची खोली लागते. भाऊ आईला म्हणाला, परीक्षा होईपर्यंत चार दिवस ताईकडे जाऊन ये. आई आली. माझी भावजय वाईट बाई नाही. ती वाईट असती तर मला ही गोष्ट पुष्कळ रंगवून सांगता आली असती. तिने आईला निघताना डब्यात बेसनाचे लाडू दिले होते, आणि लाडू चांगले होते.

परीक्षा झाली. नंतर दुसरी काहीतरी परीक्षा आली. आई आमच्याकडे बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तिला बिछान्यातून उठायला, बसायला माणूस लागायला लागला. मी एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये, नवरा बँकेत ऑडिटर. दोघंही आठला बाहेर पडून सातला घरी. म्हणून आम्ही जावाहून एक मदतनीस आणली. पंचवीस-सव्वीसची मुलगी, हसरी, आईला तिच्या भाषेत ‘नेनेक’ म्हणजे आजी म्हणायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दिवसभर गप्पा चालायच्या.

सिंगापुरात अशी मदतनीस ठेवली की सरकारला दरमहा लेव्ही नावाचा कर भरावा लागतो. घरात आपले वृद्ध आईवडील असतील तर त्या लेव्हीत मोठी सवलत मिळते. अट एवढीच की ते वृद्ध माणूस त्याच पत्त्यावर राहत असलं पाहिजे. आई माझ्या डोळ्यांसमोर चहात बिस्किट बुडवत बसली होती, त्यामुळे अटीबद्दल मला काही शंका आली नाही. तिच्या निळ्या पीआर कार्डाच्या, म्हणजे कायम रहिवाशाच्या ओळखपत्राच्या, मागे आमच्या पत्त्याचा स्टिकर लागला. आईने तो वाचला आणि कार्ड पर्समध्ये पालथं घातलं.

भेटेल त्याला ती एकच सांगायची. मंडळाच्या गणपतीत, भाजीवाल्याला, लिफ्टमधल्या चिनी म्हाताऱ्यांना. “मी बिशानला असते. इकडे आपली चार दिवस.” मला तिची नक्कल हुबेहूब जमायची. पदर खांद्यावर ओढायचा, मान किंचित बिशानच्या दिशेला वळवायची, आणि ‘आपली’ या शब्दावर जरा रेंगाळायचं. मैत्रिणींच्या जेवणात त्याला मागणी असे. नक्कल संपली की लोक हसून डोळे पुसायचे. आईसमोरही मी ती केली होती. तीही हसली होती.

आता त्या सकाळी काय झालं ते मी मदतनिसीच्या सांगण्यावरून आणि नंतर हाती आलेल्या अहवालावरून जुळवलं आहे. सवलतीची तपासणी करणारा एक तरुण अधिकारी आमच्याकडे आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बूट दाराबाहेर काढलेले. त्याने आईला नम्रपणे विचारलं, आंटी, तुम्ही इथे राहता का?

आईने पदर सावरला. तिच्याकडे इंग्रजीची जी काही पुंजी होती ती तिने सगळी बाहेर काढली. “नो, नो. आय स्टे सन हाऊस. बिशान. हिअर, व्हिजिटिंग.”

मग तिने त्याला चिवडा दिला.

त्याने मदतनिसीला विचारलं. तिने आईकडे पाहिलं, आई मान हलवत होती, तीही म्हणाली, येस सर, नेनेक व्हिजिटिंग. त्याने खोली बघू का विचारलं. पलंगाच्या पायथ्याशी उभी बॅग. अर्धं रिकामं कपाट, आत नवा कागद. देवसुद्धा डब्यात. आता यावर त्या बिचाऱ्याने काय लिहावं? त्याने लिहिलं की वृद्ध व्यक्तीचं सामान प्रवासाच्या बॅगेत आढळलं आणि तिचं वास्तव्य मुलाच्या घरी असल्याचं तिने स्वतः सांगितलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. चिवड्याचा उल्लेख त्याने केला नव्हता.

पत्र आलं. सवलत पहिल्या महिन्यापासून चुकीची ठरली होती आणि आजवर मिळालेली सगळी परत मागितली होती. ती रक्कम वाचून नवऱ्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. पण ते आम्ही कर्ज काढून भरलं असतं. खरा घाव खालच्या परिच्छेदात होता. खोटी माहिती दिल्यामुळे मदतनिसीचं परमिट, जे लवकरच संपत होतं, त्याला मुदतवाढ मिळणार नव्हती, आणि आम्हाला दुसरी मदतनीसही ठेवता येणार नव्हती. अपील करायचं तर अमुक मुदतीत करा.

नवरा, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, तो त्या संध्याकाळी घरभर फिरून प्रत्येक खोलीत उभा राहून बघत होता, जणू आमच्याच घराच्या ऑडिटला आला होता. मदतनीस ओट्यापाशी रडत होती, आपण ‘येस सर’ म्हणालो म्हणून. आणि मी हिशेब करत होते की आठ ते सात आईला एकटं ठेवता येणार नाही. मदतनीस गेली की उरतात दोन वाटा. इथला वृद्धाश्रम, जिथे तिचं मराठी कोणाला कळणार नाही. नाहीतर नाशिकचा बंद फ्लॅट, जिथे कळेल पण ऐकायला कोणी नसेल. बिशानचं नाव कोणी काढलं नाही, आणि ते काढलं नाही हे सगळ्यांना ऐकू आलं.

मी आईपाशी बसले. म्हटलं, आई, फार काही करायचं नाही. त्या लोकांसमोर एक वाक्य बोलायचं. मी मुलीकडे राहते.

“खोटं कसं बोलू?”

“खोटं कुठंय त्यात?”

“तुझ्या दृष्टीने नसेल.”

माझी मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आजी, जस्ट से यू स्टे हिअर लाह. रोज इथेच तर झोपतेस.”

“झोपणं वेगळं आणि राहणं वेगळं,” आई म्हणाली. “तुला सासर मिळालं की कळेल.”

“आय डोन्ट वॉन्ट सासर.”

“नकोच घेऊ,” आई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी भावाला भेटायला तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, गेले. त्याचं ऑफिस तिथून जवळ. त्याने दोन कोपी, म्हणजे इथल्या कॉफ्या, आणल्या, माझ्या कोपीत साखर जास्त घालून आणली, कारण लहानपणापासून मला काय आवडतं ते तो विसरत नाही. मी सगळं सांगितलं. म्हटलं, तू दोन ओळी लिहून दे की आई तुझ्याकडे राहत नाही.

त्याने कप बशीत फिरवला. “ताई, लिहून देतो. पण त्याचा अर्थ बघ ना. मी आईला घराबाहेर काढलं, असं होतं ते.”

त्यावर जे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं ते फार सुंदर होतं. त्यात लय होती, टोक होतं, शेजारच्या टेबलावरच्या लोकांनाही मजा आली असती. मी ते गिळलं, कारण तो रडायच्या बेतात होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशाला शाई लागली होती. लहानपणीही लागायची. रात्री त्याचा मेसेज आला, थोडा वेळ दे ताई. वेळ मी दिला. पत्र आलं नाही. आईला मी त्याच्याकडे गेल्याचं सांगितलं नाही, तरी तिला कळलं होतं. त्याला कशाला यात ओढतेस, एवढंच ती म्हणाली.

सुनावणीला आई लग्नाला जावं तशी तयार झाली. नारायणपेठ, मोत्याच्या कुड्या, व्हीलचेअरवर मांडीत पर्स. टॅक्सीत मी भरपूर बोलले. भीती वाटली की मी बोलते.

खोली लहान होती आणि एसी मोठा होता. समोर तिघं. मध्ये पांढऱ्या केसांच्या चिनी बाई, त्या अध्यक्ष. एका बाजूला टाय लावलेला तरुण, दुसऱ्या बाजूला एक वयस्कर मलय बाई, डोक्यावर फिकट निळा स्कार्फ, शाळेच्या मुख्याध्यापिका वाटाव्यात अशा. तपासणीला आलेला तो अधिकारी एका कडेला बसला होता. त्याने उठून आईला नमस्कार केला. मराठी दुभाषा मिळाला नव्हता, म्हणून हिंदीचा एक उत्तर प्रदेशी गृहस्थ होता. आणि मला आईच्या वतीने बोलायची परवानगी नव्हती. अपील माझं, माझं मी बोलायचं. आईचं आईने.

माझं मी बोलले. खोटं कशाला सांगू, चांगलं बोलले. हॉस्पिटलचे कागद, शेजाऱ्यांची पत्रं, आमच्या ओट्यापाशी शेंगा निवडणाऱ्या आईचे फोटो. शेवटी मी लेकीच्या घरी राहायची लाज म्हणजे काय हे समजावलं. पाणी, घास, नातीच्या हातावरचे पैसे, सगळं सांगितलं. टायवाल्या तरुणाने पेन थांबवून ऐकलं. मला वाटलं, बाजी मारली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, धन्यवाद, पण आम्हाला हे त्यांच्याकडून ऐकायचं आहे. मग दुभाष्याकडे वळून त्यांनी विचारलं, मॅडम कुठे राहतात?

दुभाष्याने विचारलं. आईने पदर खांद्यावर ओढला. मान किंचित वळवली.

“लडके के पास,” ती म्हणाली. “बिशान में.”

मी खाली फरशीकडे बघितलं. ती नक्कल मी इतक्यांदा केली होती की त्या क्षणी मला कळेना, आई माझ्यासारखी करते आहे की मी आईसारखी. अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. आमचं संपलं होतं.

तेवढ्यात त्या मलय बाई पुढे झुकल्या. त्यांनी विचारलं, मुलाच्या घरी शेवटचं कधी झोपलात?

आईने विचार केला. मग तिच्या मराठी हिंदीत, अगदी मोकळेपणाने, ती सांगायला लागली. नातवाची पीएसएलई होती ना, त्याला अभ्यासाला खोली लागत होती, तेव्हा मी मुलीकडे आले, चार दिवस. पोरगं फार हुशार. दुभाषा इंग्रजी करत होता. ‘पीएसएलई’ त्याला इंग्रजीत करावं लागलं नाही.

“आणि नातू आता कोणत्या वर्गात आहे?” त्या बाईंनी विचारलं.

आईचा चेहरा खुलला. “अब तो आर्मी में है.” तिने हात डोक्यावरून फिरवला. सगळे केस काढलेत, शनिवारी घरी येतो, काळा पडलाय नुसता.

सिंगापुरात प्रत्येक मुलगा बाराव्या वर्षी पीएसएलई देतो आणि शाळा संपली की अठराच्या आसपास सक्तीने सैन्यात जातो. हे त्या खोलीतल्या कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मधली वर्षं कोणी मोठ्याने मोजली नाहीत. टायवाल्याने टेबलाकडे बघितलं, बहुधा त्याचेही केस असेच कापले गेले असतील. तो तपासणी अधिकारी खिडकीकडे बघायला लागला.

अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, म्हणजे ती परीक्षा संपली.

दुभाष्याने ते हिंदीत सांगितलं. आईने मान हलवली. “हां. अच्छे मार्क मिले उसको.”

मग ती थांबली. तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता. आपण आत्ता काय बोललो ते तिला आता ऐकू येत होतं. तिने पर्सची कडी उघडली, बंद केली. माझी आई अडाणी नाही, तिने आयुष्यभर पोस्टात हिशेब केले आहेत. जे तिने एवढी वर्षं मोजलं नव्हतं ते तिने तिथे, पाच परक्या माणसांसमोर, मोजलं.

ती हिंदीत बोलली नाही. ती त्या लोकांशीही बोलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “सांग त्यांना. मी तुझ्याकडे असते.”

मला बोलायची परवानगी नव्हती. दुभाष्याने ते मराठी वाक्य ऐकलं, तेवढं मराठी त्याला कळत होतं. तो स्वतः साठीचा, लेकींचा बाप असावा. त्याने आईकडे न बघता ते इंग्रजीत सांगितलं. बाकी सगळं तो खणखणीत बोलला होता. हे एक वाक्य त्याने खाली वाकून, कोणाच्या कानात सांगावं तसं सांगितलं.

परतीच्या टॅक्सीत आईने एकच विचारलं. यामुळे त्याला काही त्रास नाही ना होणार? मी नाही म्हटलं. गाडी बिशानवरूनच गेली. तिने बाहेर बघितलं नाही.

काही आठवड्यांनी निकाल आला. अपील मंजूर, वसुली रद्द, परमिटला मुदतवाढ. मदतनिसीने आईचे दोन्ही गाल ओढले. नवऱ्याने केक आणला, ऑडिटरच्या मापाने, म्हणजे माणशी एक तुकडा. आईने तिचा तुकडा खाल्ला आणि नातीच्या हातावर काही ठेवलं नाही. पहिल्यांदाच. माझं लक्ष त्यावरच होतं.

भाऊ त्यानंतर लगेच आला, मोठा मिठाईचा डबा घेऊन. आई त्याच्याशी नेहमीसारखी बोलली. नातू कसा आहे, जेवतो ना नीट. तो मला म्हणाला, ताई, मी पत्र लिहून ठेवलं होतं, द्यायचंच राहिलं. मी म्हटलं, असू दे. खरं असेलही.

मला वाटलं होतं की आता घरात मोकळं वाटेल. उलट झालं. आई गप्प राहायला लागली. मंडळाच्या गणपतीत एका बाईने तिला विचारलं, तुम्ही कुठे असता. मी सवयीने मान बिशानकडे वळायची वाट बघत राहिले. “इथेच, मुलीकडे,” आई म्हणाली आणि प्रसादाची वाटी मागितली. त्या बाईने पुढे काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. पुढच्या जेवणात मैत्रिणी म्हणाल्या, ते तुझं चार दिवसांचं कर ना. मी उठले. पदर खांद्यावर ओढला. आणि भात संपलाय का बघून येते म्हणून आत गेले.

मग मुलीची शाळेची सहल निघाली आणि तिला मोठी बॅग हवी होती. मी विकत आणायचं म्हणत होते. आईने मदतनिसीला हाक मारली, निळी बॅग आडवी करायला लावली आणि पलंगावर बसून एक एक साडी तिच्या हातात देत गेली. सगळ्या साड्या अर्ध्या कपाटात गेल्या. शेवटी देवांचा डबा निघाला. तो तिने थोडा वेळ मांडीवर धरला आणि उशाशी ठेवला, झाकणासकट.

“घेऊन जा,” ती नातीला म्हणाली. “मला कुठे जायचंय.”

सहलीहून बॅग परत आली. मी ती पुसली आणि पुन्हा पलंगाच्या पायथ्याशी, तिच्या जागी, उभी केली. आई बघत होती.

“वर टाक ती,” ती म्हणाली. “पायात येते.”

मी स्टुलावर चढले. आईने बसल्या जागेवरून एका हाताने स्टूल धरून ठेवलं, मी पडू नये म्हणून.